समुद्रपूर रोडवरची जागा आणि स्लो न पकडणारी गाडी

आमच्या धंद्यात भूत हा शब्द रोजच्या वापरातला आहे. "या गाडीत भूत आहे" असं एखादा मेकॅनिक म्हणाला की त्याचा अर्थ एवढाच, की कुठेतरी वायर लूज आहे किंवा एखाद्या नळीला बारीक चीर गेली आहे आणि ती अजून सापडलेली नाही. सापडली की भूत गेलं. मी वर्ध्याला नालवाडीत गॅरेज चालवतो. डिप्लोमा केला, काही वर्षं नागपुरात एका वर्कशॉपमध्ये काढली, मग परत येऊन स्वतःचं टाकलं. आजवर जेवढी भुतं आली तेवढी सगळी पान्यानं पकडली.

इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. बायको म्हणते, हसू नका, एखाद्या दिवशी तुमच्यावर येईल. माझ्यावर काही आलं नाही... जे आलं ते दुसऱ्यांवर आलं. मी फक्त तिथे होतो. लिहू की नको, खूप दिवस ठरत नव्हतं. नावं बदलून लिहितोय. गाडी कोणत्या कंपनीची तेही सांगणार नाही, त्यात कंपनीचा काही दोष नाही. जुनी, पांढरी, कार्बोरेटरच्या जमान्यातली पेट्रोल गाडी होती एवढं पुरे.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी शटर उघडलं आणि गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज आला — सतत रेस दिलेली, जशी नवशिका माणूस घाटात देतो तशी. गाडी दारात येऊन उभी राहिली तरी रेस चालूच. स्टिअरिंगवर एक उंच, वाळलेला म्हातारा, अंगात खाकी स्वेटर. मागच्या सीटवर त्यांची बायको. पुढची डावी सीट रिकामी होती, पण त्या मागेच बसल्या होत्या.

म्हातारा काचेतून ओरडला, "सोडू का?"

"सोडा."

त्यांनी पाय उचलला आणि इंजिन बंद झालं.

हे देवरावजी मडावी. वनखात्यातून रिटायर झालेले, राहणार समुद्रपूर. गाडी समुद्रपूरच्या आणि हिंगणघाटच्या मिस्त्रींनी बघून झाली होती. कुणीतरी माझं नाव सांगितलं म्हणून एवढ्या लांब आले.

"बाकी काई नका करू भाऊ," ते म्हणाले. "काच खाली होत नाई, राहू द्या. हारन वाजत नाई, राहू द्या. फक्त हे उभ्या जागी चालली पायजे. रेस सोडली का मरते."

मला जरा नवल वाटलं. लोक गाडी आणतात ती चालवायला नाहीतर विकायला. ही चालवली तर चालत होती. हवी होती ती उभी राहून.

ज्यांना गाड्यांतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिन जे हळू हळू घुरघुरत राहतं त्याला आम्ही स्लो म्हणतो. कार्बोरेटरमध्ये त्यासाठी एक बारीक भोकाची पितळी पुंगळी असते, स्लो जेट. ती चोंदली, कुठून फालतू हवा आत शिरली, ठिणगी कमजोर पडली, टॅपेटचा गॅप बिघडला... यातलं काहीही झालं तरी गाडी स्लो पकडत नाही. म्हणजे काम किचकट असलं तरी कारणं ठरलेली असतात. एकेक तपासत जायचं.

मी गेलो तपासत. कार्बोरेटर खोलून धुतला, जेट हवेनं साफ केला, पॅकिंगं बदलली. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारून बघितलं, कुठे हवा ओढत नव्हती. प्लग, पॉइंट, कॉइल नवीन. टॅपेट सेट केले. कॉम्प्रेशन तर एवढं चांगलं की तेवढ्या जुन्या गाडीत मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी माझ्याकडे तसल्याच मॉडेलची एक भंगारातली गाडी पडून होती, ती छान स्लो पकडायची, तिचा कार्बोरेटर आख्खा काढून हिला बसवला.

रेस द्या, लोण्यासारखी चालते. पाय उचला, बंद.

आणि बंद कशी? हे मला दुसऱ्या दिवशी लक्षात आलं आणि तेव्हाच पहिल्यांदा जरा विचित्र वाटलं. स्लो न पकडणारं इंजिन मरताना थरथरतं, झटके देतं, खोकल्यासारखं करतं आणि मग मरतं. हे काहीच करत नव्हतं. चालू असायचं आणि पुढच्या क्षणी नसायचं, कुणी चावी फिरवावी तसं. म्हणून मी चावीचं सगळं वायरिंगच बाजूला काढलं आणि बॅटरीवरून सरळ वायर टाकली. तरी तेच. समुद्रपूरच्या वाटेवर जाम गावात माझा एक दोस्त आहे, सलीमभाई, ऑटो इलेक्ट्रिशियन. त्याला बोलावलं. तो दिवसभर मीटर लावून बसला, जाताना म्हणाला, "यार, इसमें तो कुछ है ही नहीं."

देवरावजी अधूनमधून एस.टी.नं येऊन बघून जायचे. विचारायचे काही नाहीत, बाकावर बसायचे. एकदा मी चहा मागवला आणि विचारलंच, "काकाजी, एवढे काऊन लागले या गाडीच्या मागं? भंगारात द्या, दुसरी घ्या."

त्यांनी कप खाली ठेवला.

"माह्या पोराची आहे जी. नितेशची."

नितेश त्यांचा एकुलता एक मुलगा. हिंगणघाटला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. रिटायर झाल्यावर देवरावजींनी ही गाडी सेकंडहँड घेतली ती त्याला जाण्यायेण्यासाठी. दोन वर्षांआधी कापूस वेचणीच्या दिवसांत तो रोजच्यासारखा दुपारी जेवायला घरी येत होता. जामवरून त्यानं आईला फोन केला — भाकर टाकून ठेव, आलोच. जामच्या एका धाब्याच्या कॅमेऱ्यात गाडी समुद्रपूरकडे वळताना दिसते. आत तो एकटा.

तिथून पुढे काही किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेला एका कडुनिंबाखाली गाडी उभी सापडली. ड्रायव्हरचं दार उघडं. फोन सीटवर. पाकीट डॅशबोर्डवर. आणि इंजिन चालू, स्लोवर.

"ज्याच्या वावरासमोर होती त्या पुंडलिकभाऊनं आवाज आयकला," देवरावजी म्हणाले. "तो पऱ्हाटीत कापूस येचत होता. त्याले वाटलं, कोनी उतरला असन जरासा. मंग लय वेळ झाला तरी घुरघुर चालूच. म्हनून रोडवर येऊन पायलं, तं कोनीच नाई."

"मंग?"

"मंग काई नाई जी."

 पोलिसांनी सगळं केलं होतं. कुत्रं आणलं होतं. कुत्रं दारापासून दोन पावलं गेलं आणि बसलं. भांडण नाही, लग्नाचं लफडं नाही, कुणाचं देणं नाही. फोनमध्ये काही नाही. गाडी काही महिने पोलिसांकडे होती. ती परत मिळाली त्या दिवसापासून स्लो पकडत नाही.

"घरी आनली तवापासून वाटते, एकडाव तशीच चालावी," ते म्हणाले. "कायले, थे मले सांगता नाई येत."

त्यानंतर मला ती गाडी सोडून देववेना. आठवड्याभरानं म्हटलं, लांब रोडवर काढून बघू, इंजिन पूर्ण तापल्यावर काही फरक पडतो का. गाडीत मी, देवरावजी आणि त्या दिवशी त्यांच्यासोबत आलेली त्यांची बायको, म्हणजे काकू. काकूंना घरी सोडायचं आणि परत यायचं असं ठरलं. काकू फार बोलत नसत. बोलल्या तर नवऱ्याशी गोंडीत, हळू आवाजात.

जाम सोडलं, समुद्रपूरच्या रस्त्याला लागलो. उन्हं चांगली वर आली होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बाया वेचायला लागलेल्या. देवरावजी म्हणाले, "त्या निंबापाशी घे जरासं बाजूले."

मी गाडी खाली घेतली, ब्रेक दाबला. पाय रेसवरून उचलला गेला, मुद्दाम नाही, सवयीनं.

इंजिन चालू राहिलं.

मी दोघांकडे बघितलं नाही. बॉनेटकडे बघत बसलो. एवढा गोड स्लो मी नव्या गाड्यांचा ऐकलेला नाही. गिअरचा दांडासुद्धा हलत नव्हता. मागून काकूंचा हुंदका आला, एकच, मग तोंडावर पदर दाबल्यासारखा आवाज. देवरावजींनी डॅशबोर्डवर हात ठेवला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"हेच थे," ते म्हणाले. "इथंच."

मी मेकॅनिक माणूस. मला पहिला विचार आला तो — चला, सापडलं. आता गाडी बरी झाली. गिअर टाकून थोडं पुढे गेलो, पाय उचलला. बंद. परत चालू करून रिव्हर्स घेतली, निंबाखाली आणली, पाय उचलला. चालू. समुद्रपूरकडून येऊन बघितलं, जामकडून येऊन बघितलं. मागे-पुढे एखादं गाडीभर अंतर सोडलं की बंद. त्या जागेवर चालू.

त्या रात्री मला घास गेला नाही, पण भीतीनं नाही. मला राग आला होता. म्हटलं, याला कारण असणारच. चढ-उतार असेल, म्हणून गॅरेजमध्ये जॅक लावून गाडी तशाच तिरक्या अवस्थेत उभी केली. बंद. वरून विजेची मोठी लाईन जाते का बघितलं. नाही. सावलीचं, गारव्याचं म्हणाल तर गॅरेजसमोरही निंब आहे. सलीमभाईला घेऊन गेलो. त्यानं तिथे उतरून मीटर लावलं, वायरी हलवल्या, गाडी चालूच. मग तो गाडीपासून लांब जाऊन उभा राहिला. म्हणाला, "भाई, मुझे घर छोड़ दे."

आणि इथून पुढे जे झालं त्याचं मला जास्त वाईट वाटतं. कारण त्या गाडीनं आम्हाला आस लावली.

देवरावजींची उभी हयात जंगलात गेली होती. लोक त्यांना म्हणाले, याला दाखवा, त्याला विचारा, कोंबडं द्या. ते कुणाकडे गेले नाहीत. मला म्हणाले, "एवढ्या राती जंगलात काढल्या, बिबट पायला, अस्वल पायलं. दुसरं काई मले दिसलं नाई. पन हे गाडी काईतरी सांगून राह्यली, सुनील. त्या जागी काईतरी आहे."

मलाही तसंच वाटायला लागलं होतं. नाही कसं म्हणू? मीच पुंडलिकभाऊंशी बोललो. भला माणूस. कापूस निघाल्यावर म्हणाला, खणा, पाहिजे तेवढं खणा, माझं बी मन मोकळं होईल. पोलिसांना सांगून, त्यांचा एक माणूस उभा ठेवून आम्ही निंबाच्या आजूबाजूला खणलं. रस्त्याची कडा, नाली, वावराचा धुरा म्हणजे बांध. मग मोटर लावून वावरातली विहीर उपसली. माणूस आत उतरवला.

हे चालू होतं तेवढा वेळ गाडी निंबाखाली उभी, चालू, आणि काकू मागच्या सीटवर. मी मध्येमध्ये जाऊन पेट्रोल टाकायचो. काकू विहिरीकडे बघत नव्हत्या. त्यांचं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होतं... जसं झोपलेल्या लेकराच्या श्वासाकडे आईचं असतं, तसं.

विहिरीत निघाली एक फुटकी बादली, एक दोर, गाळ. मातीत निघाली मुळं आणि दगड. एक बटन नाही. पोलिसांचा माणूस जाताना देवरावजींच्या पाया पडला.

संध्याकाळी माती परत लोटत असताना मला एक गोष्ट कळली आणि ती मी कुणाला सांगितली नाही. ही जागा फक्त एवढंच सांगत होती की गाडी इथे उभी होती. ते तर आम्हाला आधीच माहीत होतं. पोरगं कुठे गेलं, हे ती सांगत नव्हती. कदाचित तिलाही माहीत नव्हतं.

पण देवरावजी थांबले नाहीत. घरापासून जागा जवळ. रोज सकाळी गाडी काढायचे, निंबाखाली जाऊन लावायचे, पाय उचलायचे आणि बसून राहायचे. पेन्शन पेट्रोलमध्ये चालली होती. उन्हाळा लागला तरी तेच. रस्त्यानं जाणारे-येणारे सुरुवातीला थांबायचे, मग थांबेनासे झाले. पुंडलिकभाऊ पाण्याचा गडू नेऊन द्यायचे. मी आठवड्यातून एकदा जायचो. शेजारी बसायचो.  

मे महिन्यात काकू एकट्या एस.टी.नं नालवाडीला आल्या. चेहरा उन्हानं लाल झालेला. पाणी दिलं ते पूर्ण प्यायल्या आणि म्हणाल्या, "सुनील, एक काम कर माह्यं. थे गाडी खराब करून टाक."

"काकू?"

"तिथं थे चालते म्हनून हा मानूस घरी येत नाई. जेवत नाई. पोरगा गेला, आता हा बी तिथंच बसून राह्यला. मले एकटीले घर खाते रे." त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "तुले येते ना? तुले तं सगळं येते."

"त्यायले समजन काकू."

"समजू दे."

मी दोन दिवस विचार केला. मग गेलो. देवरावजींना म्हटलं, सर्व्हिसिंग करून देतो. अंगणातच कार्बोरेटर उघडला, स्लो जेट काढला आणि त्याच्या जागी तसाच दुसरा बसवला — ज्याचं भोक मी गॅरेजमधूनच कथलाची झाळ भरून बुजवून आणलं होतं. स्लोवर पेट्रोल जायला वाटच नाही. अशा गाडीला जगातला कोणताही मेकॅनिक स्लोवर चालवू शकत नाही. पाय उचलला की मरणारच, कुठेही. खरा जेट मी माझ्या डब्यात ठेवला.

"चाल," देवरावजी म्हणाले, "पाहून येऊ."

मला जायचं नव्हतं. गेलो. वाटेत मी खिडकीबाहेर बघत होतो. निंब आला, त्यांनी गाडी बाजूला घेतली, पाय उचलला.

चालू राहिली.

तोच आवाज. तसाच. मी उतरलो, बॉनेट उघडलं. उघड्या इंजिनासमोर भर उन्हात उभा राहिलो. त्या कार्बोरेटरमधून स्लोचं पेट्रोल जातच नव्हतं. मी स्वतः बुजवलं होतं. आणि इंजिन चालत होतं.

मी तिथेच त्यांना सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. खाली रस्त्याकडे बघत राहिले.

"तिनं सांगतलं असन."

"हो जी."

"बरं केलं. मले बी वाटते रे, कधीमधी... बंद पडली असती तं बरं झालं असतं. मी बी घरी गेलो असतो." मग म्हणाले, "जेट राहू दे तसाच. बदलू नको."

काकूंना मी काय सांगणार? एवढंच म्हटलं, नाही जमलं. त्यांनी मान हलवली.

जून लागला होता, आभाळ नुसतं भरून यायचं आणि जायचं. एका सकाळी देवरावजींचा फोन आला. आवाज एकदम साधा होता.

"सुनील, बंद पडली. तिथंच."

मी पोचलो तेव्हा ते रस्त्याच्या कडेला बसले होते. गाडी निंबाखाली, गप्प. मी आत बसलो, चावी फिरवली. रेसवर चालली. पाय उचलला. इंजिन थरथरलं, दोन-तीन झटके दिले, खोकलं आणि मेलं.

 एवढ्या महिन्यांत ती पहिल्यांदाच साध्या गाडीसारखी मेली होती. बुजलेल्या जेटची गाडी जशी मरायला हवी, तशी.

माझ्या डब्यात खरा जेट होता. कार्बोरेटर तिथेच उघडून तो बसवला. चालू केली, पाय उचलला. चालली. देवरावजी उठून जवळ आले. त्यांच्या तोंडावर काहीतरी उजळलं, आणि ते उजळलेलं बघून मला पुढचं करावंसं वाटेना. पण करावं लागणार होतं. मी गाडी पुढे घेतली, निंब मागे टाकला, पुंडलिकभाऊंचं वावर मागे टाकलं, आणि पाय उचलला.

चालू.

आणखी पुढे. चालू. मोरीपाशी, चालू. वळून परत आलो. ते अजून तिथेच उभे होते. त्यांना ऐकू येत होतं.

ते गाडीत बसले.  दारात गाडी उभी केली, मी पाय काढला, आणि त्या अंगणात दोन-अडीच वर्षांनंतर पहिल्यांदा ती गाडी स्वतःच्या बळावर घुरघुरत उभी राहिली.

घरातून भांडं पडल्याचा आवाज आला. काकू पळत बाहेर आल्या. अनवाणी, पदर पडलेला, तोंड उघडं. आवाज ऐकून आल्या होत्या... रोज दुपारी दारात थांबणारा आवाज. त्यांनी सरळ ड्रायव्हरच्या सीटकडे बघितलं. तिथे मी होतो.

मी आयुष्यात कधी कुणाच्या चेहऱ्याला एवढा घाबरलो नाही. मी घाईनं चावी फिरवली, इंजिन बंद केलं.  काकूंनी नवऱ्याकडे बघून गोंडीत काहीतरी विचारलं, अगदी लहानसं वाक्य. देवरावजींनी नाही म्हणून मान हलवली. त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

आम्ही गाडीतच बसून होतो. देवरावजी म्हणाले, "गाडी आपोआप बरी होत असते का रे?"

"नाई काकाजी. गाडी आपोआप नाई होत बरी."

"मंग?"

"मले नाई समजत."

आजही समजत नाही. त्या दिवसानंतर मी ती गाडी दोनदा पूर्ण खोलून बघितली आहे. नॉर्मल आहे. तुमच्यातले कुणी इंजिनवाले असतील तर ते म्हणतील अमुक असेल, तमुक असेल. म्हणा. ते सगळं मी करून बसलो आहे. बुजवलेला जेट अजून माझ्याकडे आहे, त्यात सुई घालून बघितली, जात नाही. नितेशचा आजपर्यंत पत्ता नाही.

देवरावजी आता निंबाकडे जात नाहीत. काकूंना हवं होतं तसं ते घरी असतात, जेवतात. मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा ओट्यावर बसलेले होते. गाडी बाजूलाच, धूळ खात. मी म्हटलं, "काकाजी, चला, जरा चक्कर मारून येऊ त्या बाजूनं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, दुःखानंही नाही. थकलेला माणूस बघतो तसं.

"आता थे कुठं बी चालते ना रे," ते म्हणाले. "मंग तिथं जाऊन काय करू?"

 काकूंनी आतून चहा आणला. आम्ही तिघांनी तो प्यायला आणि मी शेवटच्या एस.टी.नं परत आलो.